बुडातून कापलेलं गवत

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी. बाबा कोंबड्याच्या आधी उठून कोठ्यात जायचे, कडब्याच्या पेंढ्या सोडायचे, आणि दोन्ही बैल मान हलवू लागले की तो आवाज भिंतीतून माझ्या उशाशी यायचा. मग मायचं जातं, मग चुलीतल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, तडतडाट, मग भाकर थापल्याचा आवाज. बैल मेले तरी बाबा त्याच वेळी उठत राहिले. रिकाम्या कोठ्यात जाऊन उभे राहायचे, थोडा वेळ काहीतरी झाडायचे आणि परत यायचे. घुंगरांचे पट्टे खुंटीला टांगलेले होते. वारा आला की त्यातलं एखादं वाजायचं, तेव्हा माय चुलीपुढं बसल्या बसल्या पदर तोंडाला लावायची. आज एवढ्या वर्षांनी, वर्ध्यातल्या माझ्या घरात, शेजारच्या मुलीचे पैंजण वाजले तरी मला आधी तो रिकामा कोठा दिसतो. म्हणून आधी घुंगरांचं लिहिलं. पुढचं सगळं ते थांबले म्हणूनच घडलं.

आमचं गाव रोहण्याच्या अलीकडे, दोन-अडीचशे घरांचं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आणि वस्तीच्याही खाली आमचं तीन एकर शेत. बाबा त्यात ज्वारी आणि कपाशी घ्यायचे. मग कालवा आला. कालव्याचं पाणी सगळ्यात आधी बापूराव पाटलांच्या शेताला लागलं. ते गावातले मोठे शेतकरी, त्यांची जमीन वरच्या अंगाला. त्यांचा गहू पहिल्याच वर्षी कमरेला आला. जास्तीचं पाणी काढून द्यायला त्यांनी एक चर खणला आणि तो सरळ आमच्या बांधावर आणून सोडला. दोन वर्षांत आमच्या शेताचं चिभड झालं. चिभड म्हणजे पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जाणारी, वरून हिरवी, आतून सडलेली जमीन. कपाशी पिवळी पडून मेली. लव्हाळं आणि कमरेएवढं गवत माजलं, आणि त्या गवताच्या बुडाशी, पाण्यात, हाताच्या नखाएवढ्या तपकिरी गोगलगायी. बाबा पाटलांकडे गेले, दारात उभे राहून बोलले. पाटील म्हणाले, "आता पाणी उताराले जाते तं मी काय करू? पाण्याले सांगू का, वर चढ म्हणून?" बसलेले लोक हसले. बाबाही थोडेसे हसले, असं मायनं मला नंतर सांगितलं. तेच तिला सगळ्यात लागलं होतं.

दुसरं पीक नाही, तर निदान चारा तरी आहे, म्हणून आमचे बैल त्या चिभडातच चरायचे, तिथलंच पाणी प्यायचे. एका पावसाळ्यात ते खंगायला लागले. खात होते, पण अंगी लागत नव्हतं. मग दोघांच्याही जबड्याखाली पाण्याची पिशवी टांगल्यासारखी सूज आली. दाबली की बोट आत जायचं आणि खड्डा तसाच राहायचा. तशा अवस्थेत बाबांनी त्यांना पोळ्याला नेलं. शिंगं रंगवली, पाठीवर मायच्या जुन्या लुगड्याची झूल टाकली. तोरणाखाली आमची जोडी नेहमीच शेवटी उभी राहायची, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण त्या दिवशी बापूराव आपली शर्यतीची जोडी, राजा आणि परधान, मिरवत आमच्यापर्यंत आले. बैलांच्या जबड्याकडे बघितलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "यायनं देव सोडले, आता ढोरं यायले सोडून राह्यले."

मी तेव्हा अकरावी, म्हणजे तेव्हाचं मॅट्रिक, होऊन नुकतीच कॉलेजला जाऊ लागले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, मी त्यांचा चेहरा त्या दिवशी पाठ केला.

दसऱ्याच्या आत दोन्ही बैल मेले. आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हाच मेलेली ढोरं ओढणं आणि सोलणं सोडलं होतं. बाबांनी शेताच्या कोरड्या कोपऱ्यात दोन दिवस खड्डा खणला आणि दोघांना अखंड पुरलं, कातड्यासकट. आम्हाला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण त्यामुळे बैलांच्या पोटात काय होतं, हे कुणी पाहिलं नाही.

कॉलेजला मी छोट्या रुळांच्या आगगाडीनं पुलगावला जायचे. ती गाडी इतकी सावकाश चालायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. वर्गात हात वर करायला मला पूर्ण एक वर्ष लागलं. प्राणिशास्त्राच्या सरांनी एकदा कसायाकडून म्हशीचं काळीज आणलं आणि ट्रेमध्ये ठेवून आमच्यासमोर कापलं. आतल्या नळ्या जाड झालेल्या होत्या, आणि त्यातून चपटे, राखाडी, पानाच्या आकाराचे किडे बाहेर आले. मुली मागे सरकल्या. सर सांगत होते: ह्याची अंडी शेणातून पाण्यात पडतात, त्यातला जीव गोगलगायीत शिरतो, तिथे वाढतो, बाहेर पडून पाण्यातल्या गवताच्या काडीला चिकटून बसतो. ते गवत ढोरानं ओलं खाल्लं की झालं. ढोर खंगतं, जबड्याखाली पाणी उतरतं. मी हात वर केला. सरांना वाटलं, मला घेरी येते आहे. मी विचारलं, "सर, यात देवाचा काही संबंध असतो का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "नाही. गोगलगायीचा असतो."

घरी येऊन मी मायला सांगितलं. ती जवसाची चटणी वाटत होती. तिचा हात थांबला. "तुहा आजा म्हणे," ती म्हणाली, "चिभडातल्या ढोराच्या काळजात पानं निघतात. तो सोलत होता ना, त्यानं पाह्यलं होतं. मले वाटे, म्हातारा काईबी बोलते." मग ती पुन्हा वाटू लागली, पण आधीपेक्षा जोरात.

त्या दिवसापासून मी गोगलगायींवर दात धरला. पाटलांपर्यंत माझे हात पोचत नव्हते, गोगलगायींपर्यंत पोचत होते. कॉलेजहून आले की चिभडात जायचं आणि दगडानं गोगलगायी ठेचायच्या. पण एक ठेचावी तर दहा दिसायच्या. तेव्हाच मला ती माशी दिसली. घरमाशीहून लांबट, तपकिरी, सडपातळ. मागचे पाय लांब आणि डोक्यापुढे दोन लांब शिंगं. गवताच्या काडीवर ती डोकं खाली करून बसायची, पाण्याकडे बघत, कितीतरी वेळ न हलता. गावात तिला नाव नव्हतं. जी चावत नाही, अन्नावर बसत नाही, तिला कोण नाव ठेवणार? मी तिला शिंगी म्हणू लागले. एके दिवशी पाण्यात तंबाखूच्या भिजल्या तुकड्यासारखी एक सुरकुतलेली अळी गोगलगायीच्या शंखात अर्धी शिरलेली दिसली. गोगलगाय फेस काढत होती. मी दोन्ही उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलं आणि घरी आणलं.

पुढचे कित्येक आठवडे मी त्या बरणीसमोर बसून काढले. शिंगी गवताच्या काडीवर बारीक पांढरी अंडी एकाला एक लावून ओळीनं घालते. त्यातून निघालेली अळी पाण्यात उतरते आणि पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीनं लटकते. शेपटीच्या टोकाला फुलाच्या पाकळ्यांसारखा, केसाळ घेर असतो, तो पाण्यावर पसरतो आणि तिला बुडू देत नाही. ती हवा गिळून पोट फुगवते, म्हणजे तरंगायला सोपं. लहान असताना दोन-तीन अळ्या एकाच गोगलगायीवर काही दिवस काढतात. मोठी झाली की मात्र एक अळी एका गोगलगायीला धरते, मारते, खाते आणि दुसरीकडे वळते. गोगलगाय शंखात आत आत सरकते, तशी अळीही आत सरकते. श्वासापुरती शेपटी तेवढी बाहेर. मला ते बघताना किळस यायला हवी होती. मला गोड वाटायचं. रिकामे शंख मी खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडायची. माय म्हणाली, "काऊन वं, पोट्टी शिकाले पाठवली का किडे पोसाले?" मी म्हटलं, "हे आपलेच आहेत, माय. आपल्या बैलांचा बदला घेऊन राह्यले." ती वाकून बरणीत बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "भूक चांगली आहे याची." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पदरात दहा-बारा गोगलगायी आणल्या.

सरांना मी बरणी दाखवली. त्यांनी एका जाड पुस्तकातून शिंगीचं लांबलचक लॅटिन नाव काढून चिठ्ठीवर लिहून दिलं आणि म्हणाले, "निरीक्षणं लिहून काढ. अंडी कुठे घालते, किती उंचीवर, सगळं." मी लिहिलं. पाण्याच्या वर एक वीत ते दोन विती, त्याच काडीवर, जिच्या बुडाशी, पाण्याखाली, तो काळजातला किडा चिकटून बसलेला असतो. वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर इतकं नेटकं आहे की मला त्या मुलीची कीव येते.

दिवाळी झाली आणि पाटलांचा निरोप आला. निरोप घेऊन दौलतकाका आले. ते पाटलांचे सालगडी, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीचा सगळा सांभाळ त्यांच्याकडे, आणि पटात छकडीवर उभे राहून जोडी हाकणारे धुरकरीही तेच. राजा-परधानजवळच झोपायचे, स्वतःच्या भाकरीतला तुकडा आधी बैलांना द्यायचे. दारात उकिडवे बसून म्हणाले, "वैनी, मालकानं सांगतलं, रोज दोन भारे हिरवं गवत पाहिजे. पटापर्यंत. कोणाच्याच वावरात हिरवं नाई, तुमच्याच चिभडात आहे. बदल्यात पेरणीले आमची दुसरी जोडी दोन दिवस तुमाले." बाबांच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला. शेताच्या कोरड्या कोपऱ्यात थोडी ज्वारी झाली असती, पण बैलाविना पेरणी म्हणजे हातानं माती उकरणं. मायनं हो म्हटलं.

आमच्याकडे तेव्हा एक गाय उरली होती. तिच्यासाठी मी मायला नियम घालून दिला होता: गवत पाण्याच्या वर दोन विती सोडून कापायचं, आणि आठ दिवस माळवदावर कडक वाळवून मगच घालायचं. पाटलांच्या भाऱ्यांना कोणता नियम लावायचा, हे मला कुणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मी विळा पाण्याखाली घातला. हात मनगटापर्यंत गार पाण्यात, बोटांना गोगलगायी लागत होत्या, आणि मी काडी बुडातून कापली. ओलं, चिखलाळ, टपटप गळणारं गवत. माय शेजारीच होती. "बुडातून काऊन कापते वं? इळा बोथट होईन." मी म्हटलं, "भारा लवकर होते." तिनं माझ्याकडे बघितलं आणि आपली पेंढी बांधायला घेतली. तिला कळलं होतं की नव्हतं, ते मी तिला कधीच विचारलं नाही; आता ती नाही. काही काड्यांवर शिंगीच्या अंड्यांच्या पांढऱ्या ओळी होत्या. त्याही मी भाऱ्यात टाकल्या. रोज दोन भारे, अडीच-तीन महिने. डोक्यावरून पाणी गळायचं, मानेवरून पाठीत उतरायचं, आणि मी मनात पोळ्याचं ते वाक्य म्हणत चालायची. दौलतकाका भारा उतरवून घ्यायचे आणि हुंगायचे. "काय कवळं आहे! पोरी, तुह्या हातचं राजा लय आवडीनं खाते." मी हसायची. लिहायला अवघड जातं आहे, पण त्या हसण्यात काही खोट नव्हती. मला खरंच आनंद व्हायचा.

पट शेजारच्या गावी भरला होता. गर्दी, धूळ, गरम भजी, उसाचा रस. राजा-परधानच्या शिंगांना गोंडे, बापूरावांच्या डोक्यावर नवा फेटा. मी लांब, बायकांत उभी होते. जोडी सुटली, अर्ध्या वाटेपर्यंत बरी धावली आणि राजानं गुडघे टेकले. छकडी आडवी झाली, दौलतकाका धुळीत पडले. लोक धावले तेव्हा जवळून सगळ्यांना दिसलं, राजाच्या जबड्याखाली, सजवलेल्या पट्ट्याआड, पाण्याची पिशवी लोंबत होती. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी ओरडेन, की आता सांगा, कोणी कोणाले सोडलं? पण बापूराव आधी पोचले. त्यांनी दौलतकाकांच्याच हातातली तुतारी हिसकली आणि त्यांच्या पाठीवर चालवली. बैलाला टोचायची लोखंडी टोकाची काठी ती. "काय खाऊ घातलं रे? काय केलं माह्या राजाले?" दौलतकाका मार चुकवत नव्हते. ते राजाची मान मांडीवर घेऊन बसले होते आणि एवढंच म्हणत होते, "मालक, हिरवं घास घातलं जी. चांगलं कवळं घास घातलं."

राजा पंधरा दिवसांनी मेला. परधानला दवाखान्याचं औषध लागू पडलं. गावात बोललं गेलं की दौलतनं करणी केली, दुसऱ्या गावच्या जोडीवाल्यानं फितवला. त्यांना कामावरून काढलं. त्यांची बायको आमच्या ओट्यावर येऊन मायजवळ रडली, "वैनी, हे बैलासाठी दोन दिवस जेवले नाई, अन् लोक म्हणतात यायनंच मारलं." मायनं तिला पाणी दिलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी पाटलांच्या अंगणात गेले. वही छातीशी धरली होती, का ते माहीत नाही. चार-पाच जण बसले होते. मी म्हटलं, "दौलतकाकानं काही नाई केलं. मी केलं. गवत मी बुडातून कापलं. त्याले किडा राह्यते, मले माहीत होतं."

बापूराव आधी समजले नाहीत, मग हसले. "घासानं बैल मरते? तुह्या कॉलेजात हेच शिकवतात का? जाय घरी."

मी गेले नाही. शब्द तयार होते. पोळ्यापासून तयार होते. "चिभडातल्या घासानं मरते. तुमच्या चराच्या पाण्यानं चिभड झालं. आमचे बैल त्यानंच मेले. घासानं नसंन मरत, तं मंग सांगा, राजाच्या जबड्याखाली तेच पाणी कसं आलं? आमी तं देव सोडले होते. तुमी काय सोडलं?"

कुणी हसलं नाही. घास मानला तर चर मानावा लागत होता. घास नाही मानला तर देव त्यांच्यावरही कोपला, हे चारचौघांत मानावं लागत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडावर दोन्ही वाटा बंद झालेल्या मला दिसल्या. शंखात आत आत सरकणाऱ्या गोगलगायीची मला आठवण झाली. हे मी लपवणार नाही. एवढं सुख मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झालं नाही.

शेवटी ते म्हणाले, "हिले बाहेर काढा." पण आवाज बारीक होता. पेरणीला जोडी मिळाली नाही. बाबांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. उन्हाळ्यात एके सकाळी पाटलांच्या माणसांनी चर वळवून नाल्याकडे नेला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांना जे बोलता आलं नाही, ते त्यांनी कुदळीनं केलं. बापूरावांचं वाईट मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. वाटायला हवं, असं माझी मुलगी म्हणते. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

दौलतकाकांना मात्र परत कुणी कामावर घेतलं नाही. खरं गावाला कळलं होतं, पण करणीचा डाग तसाच राहिला. बैलाजवळ त्यांना कोण उभं करणार? ते कालव्यावर माती उचलायच्या कामाला लागले. पुढच्या पोळ्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते दारात बसून राजाच्या गोंड्याचे धागे उगाच सोडवत होते. मी उभीच राहिले. माफी मागायला आले होते.

त्यांनीच वर बघितलं. "मले सांगतलं असतं पोरी," ते म्हणाले. "मालकाले नको सांगू. मले. मी वरून कापून घेतलं असतं."

तिथून मी सरळ चिभडात गेले. चर वळला तरी कालव्याचा पाझर होताच, पाणी पुरतं आटलं नव्हतं. सरांनी शिंगीची आणखी अंडी मागितली होती. मी बुडातून कापलेलं लव्हाळं पुन्हा कमरेला आलं होतं, बुडाशी गोगलगायी मागच्यापेक्षा दाट. मी एकेक काडी हातात घेऊन, एक वीत, दोन विती, अशी वरपर्यंत बघत गेले. अंधार पडेस्तोवर बघितलं. एकाही काडीवर शिंगीच्या अंड्यांची पांढरी ओळ नव्हती.